सर्व्हरवर मेमरी एरर पुन्हा पुन्हा येतात तेव्हा: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

रॅम बदलून झाली, महिनाभर शांतता होती, आणि आता तोच दिवा परत लागला. अशा तक्रारीची मशीन मी सतत हाताळतो. पतसंस्थेचा एकुलता एक सर्व्हर असो किंवा कारखान्याच्या सर्व्हर रूममधलं व्हर्च्युअलायझेशनचं रॅक, वेळ बहुतेक एकाच ठिकाणी वाया जातो: एरर कधी आली, कोणत्या डिमवर (रॅमच्या पट्टीवर) आली आणि किती वेळा आली याची नोंद कुठेच धड नसते. म्हणून ही पोस्ट दुरुस्तीबद्दल जितकी आहे तितकीच नोंदींबद्दलही आहे. उदाहरणं ईसीसी रॅम, म्हणजे चूक ओळखून सुधारता येईल अशी रॅम, असलेल्या लिनक्स सर्व्हरची आहेत. विंडोजवर नावं बदलतात, तपासणीचा क्रम तोच राहतो.

लक्षणं

सर्व्हरच्या पुढच्या बाजूला पिवळा किंवा नारिंगी दिवा लागलेला असतो आणि मशीन मात्र सुरळीत चालू असतं.

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये "ईडॅक एमसी०: १ सीई मेमरी रीड एरर" अशा ओळी दिसतात. कधी आठवड्यातून एखादी, कधी मिनिटाला शेकड्यांनी.

मशीन आपोआप रीबूट होतं आणि आधीच्या काही मिनिटांत लॉगमध्ये काहीही सापडत नाही.

डेटाबेस किंवा एखादं व्हर्च्युअल मशीन एकाएकी बंद पडतं आणि कारण म्हणून "बस एरर" एवढंच येतं.

बायोस एकूण रॅम कमी दाखवतं: बसवली १२८ जीबी, दिसते ११२.

विंडोज सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरचे इशारे साचलेले असतात.

पुढे सगळीकडे दोन शब्द लागतील. सीई म्हणजे दुरुस्त झालेली एरर आणि यूई म्हणजे दुरुस्त न झालेली. डीडीआर४ च्या ईसीसी रॅममध्ये दर ६४ बिट डेटाबरोबर ८ तपासणी बिट साठवले जातात. त्यांच्या आधारे मेमरी कंट्रोलर एक बिट उलटला तर तो ओळखून सुधारतो, आणि दोन उलटले तर काहीतरी बिघडलं आहे एवढं ओळखतो, सुधारू शकत नाही. याचं मूळ बेल लॅबमधल्या रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० च्या शोधनिबंधात आहे. सुट्टीच्या दिवसांत लावलेलं काम रिलेवर चालणारं मशीन चूक सापडताच अर्धवट टाकून द्यायचं. चूक सापडते तर सुधारता का येऊ नये, या वैतागातून ती संकेतपद्धत जन्मली. मोठ्या सर्व्हरमध्ये याच्या पुढची सोयही असते. आयबीएम तिला चिपकिल म्हणते आणि इंटेल एसडीडीसी. तिच्यामुळे डिमवरची एक अख्खी चिप गेली तरी डेटा वाचतो.

पहिली तपासणी: हा हार्डवेअरचा दोष आहे का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. "मेमरी एरर आली" असा निरोप येतो तेव्हा अनेकदा रॅम नुसती संपलेली असते. रॅम कमी पडली की कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रक्रिया मारतो, आणि लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी" असं स्पष्ट लिहितो. कंटेनर असेल तर एक्झिट कोड १३७ मिळतो. खराब रॅममुळे प्रक्रिया मेली तर तिला सिगबस हा सिग्नल जातो, त्याचा कोड १३५. सिगबस इतर कारणांनीही येतो, उदाहरणार्थ मेमरी-मॅप केलेली फाइल मध्येच कापली गेली तर. त्यामुळे १३५ दिसला म्हणून रॅम काढायला धावू नका. त्याच वेळेच्या आसपास "हार्डवेअर एरर" असा शिक्का असलेली ओळ कर्नल लॉगमध्ये आहे का ते बघा. ती असेल तर पुढे चला.

याच वेळी डीएमआयडीकोड (मशीनच्या भागांची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवून मेमरीचा भाग वाचा. डीडीआर४ च्या डिमची एकूण रुंदी ७२ आणि डेटाची रुंदी ६४ दिसली, तर डिम ईसीसीची आहे. दोन्ही ६४ असतील तर या मशीनवर एरर दुरुस्तही होत नाहीत आणि नोंदलेही जात नाहीत. डेस्कटॉपला सर्व्हर म्हणून ठेवलेल्या ऑफिसांत हे नेहमी सापडतं. तिथे लॉग शोधण्यात अर्थ नाही. मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर लावणं हाच मार्ग.

डीडीआर५ बद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. प्रत्येक डीडीआर५ चिपच्या आत स्वतःची ईसीसी असते, म्हणून "आता सगळी रॅम ईसीसी झाली" असं विक्रेते सांगतात. ती आतली सोय चिपमधले बिट सांभाळते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि तिने आत काय दुरुस्त केलं हे ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा कळवलं जात नाही. सर्व्हरला खरी ईसीसी डिमच हवी. डीडीआर५ मध्ये ती बहुधा ८० बिट रुंदीची दिसते.

दुसरी तपासणी: नोंद खरंच होते आहे का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पुन्हा पुन्हा येणारा दोष पुन्हा पुन्हाच का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं.

लिनक्समध्ये मेमरी कंट्रोलरची माहिती ईडॅक ड्रायव्हर देतात. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेत) ईडॅकच्या फोल्डरात प्रत्येक कंट्रोलरसाठी सीई आणि यूईचे आकडे असतात. तो फोल्डर रिकामा असेल तर ड्रायव्हरच चढलेला नाही. अशा मशीनवर "शून्य एरर" या उत्तराला काही किंमत नाही. शिवाय हे आकडे रीबूटला शून्यावर जातात. शेजारीच मोजणी सुरू होऊन किती सेकंद झाले ते दिलेलं असतं, ते आकड्याबरोबर वाचायलाच हवं. तीनशे सीई ही तीन तासांतली आहेत की वर्षभरातली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकडे रीबूटनंतरही टिकावेत म्हणून रासडेमन बसवा. तो कर्नलकडून येणारी प्रत्येक हार्डवेअर एरर उचलतो आणि रेकॉर्ड पर्याय चालू असेल तर एसक्यूलाइटच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. नंतर रास-एमसी-सीटीएल या आज्ञेला समरी किंवा एरर्स पर्याय दिला की इतिहास समोर येतो. बऱ्याच जुन्या लेखांत एमसीईलॉग बसवा असं सांगितलेलं असतं. एएमडीच्या झेन पिढीचे प्रोसेसर त्याला कळत नाहीत आणि नव्या वितरणांत त्याची जागा रासडेमननेच घेतली आहे, तेव्हा त्याच्या मागे लागू नका.

दुसरी नोंदवही मदरबोर्डवरच्या बीएमसीमध्ये, म्हणजे मशीनवर स्वतंत्रपणे देखरेख ठेवणाऱ्या चिपमध्ये, असते. डेल तिला आयड्रॅकमधून दाखवते, एचपीई आयलोमधून, आणि कोणत्याही कंपनीच्या मशीनवर आयपीएमआयटूलने सिस्टिम इव्हेंट लॉग, म्हणजे एसईएल, वाचता येतो. ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली तरी ही वही शाबूत राहते, म्हणून अचानक झालेल्या रीबूटचं कारण पहिल्यांदा इथे शोधायचं. तिच्या दोन उणिवा लक्षात ठेवा. पहिली, ती लहान असते. अनेक मशीनवर ती भरली की नव्या नोंदी सरळ गळतात. एसईएल इन्फो या आज्ञेने किती टक्के भरली आहे ते कळतं. दुसरी, तिचं घड्याळ. बीएमसी यूटीसीवर आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असेल तर दोन लॉगमध्ये साडेपाच तासांचं अंतर पडतं. रात्री १:३० चा रीबूट बीएमसीत आदल्या दिवशीच्या २०:०० ला दिसतो, आणि मग दोन घटनांचा संबंध नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आधी दोन्ही घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीवर) आणा.

आणि लॉग पुसू नका! दिवा विझावा म्हणून एसईएल क्लिअर करणं ही सर्रास सवय आहे. दिवा विझतो आणि पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. पुसणं भागच असेल तर आधी संपूर्ण लॉग फाइलमध्ये उतरवा, ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा, मग पुसा.

आणखी एक आडवळण आहे. काही मशीनवर एरर आधी बायोस स्वतःकडे घेतं आणि ठरावीक संख्या ओलांडल्यावरच पुढे सांगतं. याला फर्मवेअर-फर्स्ट पद्धत म्हणतात. अशा वेळी ईडॅक शून्य दाखवतं, बीएमसीत मात्र इशारा असतो. दोन वह्यांचं जुळत नसेल तर बायोसमधली सीई थ्रेशोल्डची सेटिंग पाहा. कर्नलमध्ये सीई गोळा करणारी स्वतंत्र सोय चालू असेल तर तीसुद्धा सुट्या एरर गिळू शकते. मशीन मरण्याआधीची शेवटची यूई बायोसने जपून ठेवली असेल तर पुढच्या बूटला कर्नल ती बर्ट या तक्त्यातून वाचतो, म्हणून अचानक रीबूट झालेल्या मशीनचे बूटच्या वेळचे पहिले संदेश जरूर बघा.

तिसरी तपासणी: एररचा नकाशा

आता नोंदी हातात आहेत. एकूण किती, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कुठे, हे पाहा.

एकाच डिमवर, एकाच पत्त्यावर तीच एरर परत परत येते: चिपमधली एखादी पेशी किंवा ओळ कायमची खराब आहे. एकाच डिमवर, पण वेगवेगळ्या बँका (चिपमधले विभाग) आणि ओळींवर येते: चिप किंवा डिमचे संपर्क बिघडत चालले आहेत, आणि हे प्रकरण पुढे वाढतं. एकाच चॅनेलवरच्या (प्रोसेसरपासून डिमपर्यंतच्या एकाच वाटेवरच्या) दोन्ही डिमवर येते: संशय स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर. एका प्रोसेसरच्या सगळ्या चॅनेलवर येते: प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसलेला नाही, किंवा वीजपुरवठ्यात दोष आहे. आणि एकदाच आली, परत कधी आली नाही: ती वैश्विक किरणांमुळे उलटलेला बिट असू शकते. नोंद ठेवा आणि मशीनला हात लावू नका.

शेवटच्या शक्यतेबद्दल थोडं जास्त, कारण तिचा आधार घेऊन खराब रॅम वर्षानुवर्षं चालवली जाते. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलमधल्या संशोधकांनी दाखवलं की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सर्गी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. तेव्हापासून मेमरी एरर म्हणजे आकाशातून आलेला योगायोग, असा समज रूढ झाला. २००९ मध्ये गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या ताफ्यातल्या मशीनचा अडीच वर्षांचा अभ्यास छापला आणि चित्र पालटलं. दरवर्षी सुमारे एक तृतीयांश मशीनवर आणि ८ टक्क्यांहून जास्त डिमवर निदान एक सीई दिसली. बहुसंख्य एरर योगायोगाच्या नव्हत्या, त्या हार्डवेअरच्या कायमच्या दोषाकडे बोट दाखवत होत्या. ज्या डिमवर सीई आली तिच्यावर पुढे यूई येण्याची शक्यताही कितीतरी पटींनी वाढलेली होती. मी जी मशीन पाहतो त्यांचा अनुभव याला धरूनच आहे. तीच डिम दुसऱ्यांदा लॉगमध्ये दिसली की माझ्यापुरता योगायोगाचा विषय संपतो.

नकाशा बनवताना नावांचा घोळ होतो. कर्नल म्हणतो चॅनेल १, डिम ०. बोर्डावर छापलेलं असतं ए४. चुकीची डिम काढली जाण्याचं हे सर्वांत मोठं कारण. रास-एमसी-सीटीएल मध्ये बोर्डावरची नावं कर्नलला शिकवण्याची सोय आहे. बोर्ड त्या यादीत नसेल तर एकदा हाताने तक्ता बनवा: कर्नलचं नाव, बोर्डावरचं नाव, डिमचा पार्ट नंबर आणि सिरियल नंबर. शेवटचे दोन डीएमआयडीकोड देतं. सिरियल नंबर हवाच, कारण स्लॉट जागेवर राहतो आणि डिम हलते. सहा महिन्यांनी कोणी दोन डिमची अदलाबदल केली असेल तर स्लॉटच्या नावाने ठेवलेला सगळा इतिहास उलटा वाचला जातो.

चौथी तपासणी: बायोस आणि एक रीबूट

खर्च नाही, थोडा वेळ मशीन बंद ठेवावं लागतं. बायोस आणि बीएमसीचं फर्मवेअर नवीन करा, पण आधी त्याच्या बदलांची यादी वाचा. मेमरी ट्रेनिंग म्हणजे बूटच्या वेळी प्रत्येक डिमसाठी सिग्नलची वेळ जुळवणं. त्यातल्या सुधारणा अशा यादीत वरचेवर असतात, आणि काही सीई केवळ अपडेटने थांबतात.

डीडीआर४ पासून चिपमध्ये थोड्या राखीव ओळी असतात. बायोस खराब ओळीच्या जागी राखीव ओळ कायमची जोडू शकतं. याला पोस्ट पॅकेज रिपेअर म्हणतात आणि ते बहुतेक मशीनवर रीबूटच्या वेळी होतं. म्हणून बीएमसीचा संदेश "रीबूट करा" म्हणत असेल तर तो टाळू नका. मात्र या राखीव ओळी मोजक्याच असतात. तीच डिम दुसऱ्यांदा दुरुस्ती मागू लागली तर ती बदलायची.

बायोसमध्येच पेट्रोल स्क्रब चालू आहे ना ते बघा. यात मेमरी कंट्रोलर सबंध रॅम हळूहळू वाचत जातो, साधारण २४ तासांत एक फेरी, आणि सापडलेली एकबिटी चूक तिथल्या तिथे सुधारतो. हे बंद असेल तर क्वचित वाचल्या जाणाऱ्या कोपऱ्यात एक उलटलेला बिट पडून राहतो. त्याच शब्दात दुसरा उलटला की सीईची यूई होते.

पाचवी तपासणी: हवा, धूळ, जोडणी

सर्व्हर रूमचं तापमान, पंख्यांचे वेग आणि मशीनमधलं प्लास्टिकचं एअर श्राउड जागेवर आहे का, हे पाहा. श्राउड काढून ठेवलेलं मशीन मला वरचेवर भेटतं. हवा डिमच्या बाजूने निघून जाते आणि बीएमसीच्या तापमानाच्या यादीत डिमचे आकडे चढलेले दिसतात. कोकणात आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यात दमटपणामुळे डिमच्या कडेच्या संपर्कांवर थर धरतो. रात्री एसी बंद ठेवणाऱ्या ऑफिसांत तो लवकर धरतो.

डिमची मिसळही तपासा. आरडिम आणि एलआरडिम हे सर्व्हरच्या डिमचे दोन प्रकार एका मशीनमध्ये चालत नाहीत. वेगवेगळ्या रँकच्या (एकत्र वाचल्या जाणाऱ्या चिपच्या गटांच्या) डिम चालतात, पण कोणती कोणत्या स्लॉटमध्ये हे मशीनच्या झाकणावरच्या चित्राप्रमाणेच. नंतर वाढवलेली रॅम या नियमांकडे न पाहता बसवलेली असते आणि त्रास त्या तारखेपासूनच सुरू झालेला असतो.

सहावी तपासणी: झाकण उघडणं

आता जोखीम सुरू होते. बॅकअप ताजा आहे आणि तो परत उतरवता येतो, याची खात्री होईपर्यंत थांबा. मशीन बंद करा, दोन्ही वीजतारा काढा, मिनिटभर थांबा, हाताला अँटी-स्टॅटिक पट्टा बांधा. संशयित डिम काढा, संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडे होऊ द्या. खोडरबर वापरू नका, सोन्याचा पातळ मुलामा त्याने झिजतो. डिम परत बसवताना दोन्ही बाजूंचा खटका स्पष्ट ऐकू यायला हवा.

पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. न झाल्यास अदलाबदल करा: संशयित डिम दुसऱ्या चॅनेलवरच्या तशाच डिमच्या जागी आणि ती इकडे. एका वेळी एकच बदल. एरर डिमबरोबर गेली तर डिम खराब. एरर स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. ती कुठेच दिसेनाशी झाली तर बहुधा बसणीचाच दोष होता, तरी काही आठवडे लक्ष ठेवा.

अदलाबदलीनंतर मशीनवर भार टाका. स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट त्यासाठी चांगला आहे. ईसीसी मशीनवर मेमटेस्टची हिरवी ओळ पाहून समाधान मानू नका. डिमने चुकीचा बिट दिला, कंट्रोलरने तो सुधारला, आणि मेमटेस्टला योग्यच आकडा मिळाला, असं होतं. चाचणी संपल्यावर बीएमसीच्या लॉगमध्ये आणि ईडॅकमध्ये सीई वाढल्या का, तोच निकाल.

यूई आली तर सर्व्हरने काय करावं

दुरुस्त न होणारी एरर आली की मशीन पडणारच, असं नाही. लिनक्समध्ये २००९ च्या २.६.३२ आवृत्तीपासून खराब पान (रॅमचा ठरावीक आकाराचा छोटा तुकडा) वेगळं काढण्याची सोय आहे, अर्थात प्रोसेसरने साथ दिली पाहिजे. पान मोकळं असेल तर कर्नल ते कायमचं बाजूला ठेवतो. त्यात फाइलची न बदललेली प्रत असेल तर ती टाकून डिस्कवरून परत वाचतो. पान एखाद्या प्रक्रियेचं असेल तर त्या प्रक्रियेला सिगबस पाठवतो. केव्हीएमवरच्या (लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशनवरच्या) पाहुण्या मशीनचं असेल तर एरर त्या मशीनच्या कर्नलपर्यंत पोहोचवता येते आणि एकच व्हर्च्युअल मशीन पडतं, बाकीची वाचतात. पान कर्नलचं स्वतःचं असेल तर पॅनिक, म्हणजे कर्नल मशीनच थांबवतो, आणि ते योग्यच आहे. चुकीचा डेटा शांतपणे डिस्कवर लिहिला जाण्यापेक्षा थांबलेलं मशीन बरं.

मेमइन्फो या कर्नलच्या रॅमविषयक फाइलमध्ये हार्डवेअरकरप्टेड अशी एक ओळ असते. ती शून्यापेक्षा मोठी असेल तर इतकी रॅम बाजूला काढलेली आहे. सीईच्या बाबतीत रासडेमन याच दिशेने आधीच पाऊल टाकू शकतो. एका पानावर २४ तासांत ५० सीई झाल्या की तो त्या पानातला डेटा दुसरीकडे हलवून पान बंद करतो. हे आकडे त्याच्या सेटिंग फाइलमध्ये बदलता येतात. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, सुटा भाग येईपर्यंत वेळ मिळवून देणारी.

लॉगच्या पुराचीही काळजी घ्यावी लागते. खराब डिम सेकंदाला इतक्या एरर देऊ शकते की त्या लिहिण्यातच मशीन मंदावतं. अशा वेळी इंटेलवर कर्नल प्रत्येक एररला इंटरप्ट घेणं थांबवून ठरावीक अंतराने विचारणा करतो. तुमच्या बाजूने प्रत्येक सीईची ओळ मध्यवर्ती सिसलॉगला पाठवण्याऐवजी तासाचा आकडा पाठवा. प्रोमिथियस ही देखरेखीची प्रणाली वापरत असाल तर नोड एक्सपोर्टर ईडॅकचे आकडे देतोच. इशारा मात्र दोन गोष्टींवर लावा: कोणतीही यूई, आणि एका डिमवर दिवसागणिक वाढत जाणारी सीई. प्रत्येक नोंदीत वेळ, मशीन, प्रोसेसर, चॅनेल, डिमचा सिरियल नंबर, बँक, ओळ, पत्ता आणि प्रकार असावा. ही नोंद त्या मशीनच्या बाहेर ठेवा. पडलेल्या मशीनच्या डिस्कवरचा लॉग गरज असते तेव्हाच मिळत नाही.

इथे थांबा आणि कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा

एरर स्लॉटपाशीच राहिली तर थांबा. पुढची पायरी प्रोसेसर काढण्याची आहे. सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक असतात, एक वाकली की बोर्डच जातो. एएमडीच्या मोठ्या सॉकेटला स्क्रू ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कने आवळावे लागतात. ते चुकलं तर मेमरीचे चॅनेलच गायब होतात. योग्य पाना आणि सराव नसताना हे करू नका.

यूई आली आणि मशीनवर डेटाबेस आहे, तर रॅमच्या आधी डेटाबेसच्या जाणकाराला बोलवा. तपासणी होईपर्यंत जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप लिहू नका. रुग्णालयाचं, बँकेचं किंवा चालू उत्पादनाचं मशीन असेल आणि पर्यायी मशीन नसेल, तर झाकण उघडण्याचा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. वॉरंटी किंवा एएमसी चालू असेल तर सहाव्या तपासणीच्या आधीच फोन करा. स्वतः उघडलेल्या मशीनवरून नंतर वाद होतात. जळका वास, काळवंडलेला स्लॉट किंवा बूटच न होणारं मशीन दिसलं तर वीज बंद आणि हात बाजूला.

फोन करताना हे तयार ठेवा: एसईएलची पूर्ण फाइल, रासडेमनचा अहवाल, बायोसची आवृत्ती, डिमचे सिरियल नंबर आणि अदलाबदलीचा निकाल तारखांसह. "रॅम एरर येते" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस पहिल्यापासून सुरू करायला लावतो. "या सिरियल नंबरची डिम, दोन वेगवेगळ्या चॅनेलवर, दोन्हीकडे सीई" असं सांगितलं की सुटा भाग लवकर निघतो.

नवी डिम बसल्यावर भार चाचणी करा, पेट्रोल स्क्रबच्या निदान दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, आणि तक्त्यात जुना सिरियल नंबर खोडून न टाकता त्याच्यासमोर काढल्याची तारीख लिहा. तीच डिम दुरुस्त म्हणून दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये परत आलीच, तर ती या ओळीवरून ओळखू येईल.